समुद्रावरची शेजारती

सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्याने उभा राहतो तो 1664 सालचा जानेवारी महिना. शिवाजी महाराजांची दुसरी स्वारी 1670 ची. आणि शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाने आपल्याला सुरत दाखविली ती एवढीच. आमच्या भगिनींना सुरत ठाऊक असते साड्यांच्या बाजारामुळे, आणि खवय्यांना घारी, लोचो नि हिवाळ्यातल्या पोंकामुळे. पण महाराजांना येथवर यावेसे वाटावे एवढे धन या गावात साठले कोठून, हा प्रश्न आमच्या वर्गातली मुले क्वचितच विचारतात. विचारलाच तर आम्ही त्यांना खिडकीतून पश्चिमेकडे बोट दाखवितो. तिकडे काही कोसांवर तापी समुद्राला मिळते. सुरतेचे सारे वैभव त्या वाटेने आले.

मोठी जहाजे गावापर्यंत येत नसत. नदीचे पात्र उथळ, म्हणून ती मुखाबाहेर सुवाळीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकीत आणि माल व माणसे लहान होड्यांतून गावात येत. 1608 साली ‘हेक्टर’ नावाचे इंग्रजांचे जहाज घेऊन हॉकिन्स येथेच आला. 1612 साली याच सुवाळीच्या पाण्यात इंग्रज व पोर्तुगीज यांची झुंज झाली, आणि पुढल्या वर्षी इंग्रजांची वखार सुरतेत पक्की झाली. मोगल अमदानीत हिंदुस्थानभरचे हाजी मक्केला जाण्यासाठी येथे गोळा होत. तापीच्या काठचा ‘मक्काई पूल’ हे नाव आजही ती आठवण सांगते. औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड जहाज 1695 साली इंग्रज चाच्यांनी लुटले, तेही मक्केहून सुरतेस परतताना. मात्र त्याआधीच, 1687 साली, इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले होते. नदी गाळाने भरत गेली आणि हे बंदर हळूहळू कापडाचे गाव झाले.

याचा परिणाम असा की आम्हा सुरतकर मराठी मंडळींत जहाजात रात्र काढलेला माणूस शोधून सापडणे कठीण. आम्ही बहुतेक खानदेशातले. कोणाचे आजोबा, कोणाचे वडील अमळनेर-धुळ्याकडून ताप्ती व्हॅली रेल्वेने आले, उधना-लिंबायतेकडे खोली घेतली, मागावर उभे राहिले आणि येथलेच झाले. समुद्र म्हणजे रविवारी डुमसला जाऊन टोमॅटोची भजी खाण्याची जागा, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

अलीकडे मात्र समुद्राची वाट पुन्हा उघडली. 2017 च्या ऑक्टोबरात घोघा ते दहेज अशी फेरी सुरू झाली. दहेजकडे गाळ साचल्याने ती पुढे थांबली. (गाळाने आमच्या किनाऱ्याचा पिच्छा काही सोडलेला नाही.) मग 8 नोव्हेंबर 2020 रोजी हजिरा ते घोघा ही वाहने व माणसे नेणारी बोट सुरू झाली. खंभातच्या आखाताला वळसा घालून 370 किलोमीटर जाण्याऐवजी सुमारे 90 किलोमीटर पाणी ओलांडायचे आणि चार तासांत भावनगरच्या दारात उतरायचे. त्यानंतर 31 मार्च 2021 रोजी हजिऱ्याहून दीवला जाणारे रात्रीचे प्रवासी जहाज निघाले. सुमारे तीनशे उतारू आणि सोळा खोल्या. सायंकाळी सहाला हजिरा सोडायचे आणि सकाळी आठला दीव गाठायचे. आम्ही उभयतांनी एक रात्र काढली ती याच जहाजाच्या एका खोलीत.

सहल म्हणून आम्ही गेलो नव्हतो, हे आधीच सांगितलेले बरे. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सुरतेच्या मागवस्तीत राहणाऱ्या माणसाला शांततेत झोप येत नाही. वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांचे बालपण उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत गेले त्यांना विचारून पाहावे. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या. मागांचा खटखटाट दिवसा जसा तसाच रात्री. पाहुणा आला की पहिल्या रात्री कुशीवर कूस बदलीत राहतो आणि घरची माणसे मात्र गाढ झोपलेली असतात. त्या आवाजाला ताल असतो, तो तुटत नाही, आणि तुटत नाही म्हणूनच तो ऐकू येत नाही. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि एका रात्री सारे माग थांबले. त्या रात्री आमच्या गल्लीत अंथरुणावर उठून बसलेली माणसे आम्ही स्वतः पाहिली. एक म्हातारे गृहस्थ ओट्यावर येऊन म्हणाले, “मास्तर, कानात कापूस घातल्यासारखं वाटतंय हो.”

माग पुढे सुरू झाले. पण आमच्या घरातली झोप परत आली नाही. त्या टाळेबंदीतच आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू धुळ्यास वारले. सुरतेहून धुळे काही दूर नाही. पण त्या दिवसांत प्रवासी गाड्या बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद, आणि परवाना हाती येईपर्यंत तेथे सर्व आटोपलेले होते. पाठच्या बहिणीला भावाचे शेवटचे दर्शन झाले नाही. ती रडली नाही. घरातली सारी कामे जशीच्या तशी होत राहिली. फक्त रात्री दोनला, तीनला जाग येऊन पाहावे तो सौ. खिडकीपाशी बसलेल्या असत. वैद्य झाले, डॉक्टर झाले. झोपेच्या गोळीने सकाळी डोके जड होते म्हणून तीही त्यांनी बंद केली. घरात गाणे लावणे तर थांबलेच होते, कारण भाऊ भजनी मंडळात गात असत आणि कोणताही पुरुषी चढा सूर कानी पडला की त्या उठून आत जात. शेवटी चिरंजिवांनी पुण्याहून परस्पर तिकिटे काढून पाठविली. “बाबा, आईला एकदा पाण्यावरून घेऊन जा,” एवढेच म्हणाला.

हजिरा हे पूर्वी हवा खाण्याचे ठिकाण होते असे जुने लोक सांगतात. आज तेथे खताचे, पोलादाचे, वायूचे कारखाने आहेत. जहाज धक्क्यावरून सुटले तेव्हा सूर्य बुडायचा होता. पाणी निळे नव्हे, गढूळ. तापीने आणि वर खंभातकडून मही-नर्मदांनी आणलेली माती त्यात मिसळलेली. भरती-ओहोटीतला फरक भारतात सर्वांत मोठा तो याच आखातात. भावनगरकडे तो दहा मीटरांवर जातो. पाण्याची ओढ एवढी की नांगरलेल्या लहान बोटी सर्व एकाच दिशेला तोंड करून, दोर ताणून उभ्या असतात. जणू दावणीची गुरे. अंधार पडला तसे कारखान्यांचे दिवे आणि चिमण्यांच्या ज्वाळा मागे राहिल्या आणि बराच वेळ क्षितिजावर एक तांबूस पट्टा दिसत राहिला. सौ. कठड्याला धरून त्याकडे पाहत होत्या. “किती जळतंय अजून,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही काही बोललो नाही.

डेकवर तरुण मंडळींसाठी वाजंत्री होती, नाचगाणे होते. ते योग्य वेळी आटोपले. नंतरचा प्रसंग आम्हांला मौजेचा वाटला. आमच्या शेजारच्या खोलीत एक नवे जोडपे होते. त्यांच्या भ्रमणध्वनीवर चाललेले गाणे ऐन अंतऱ्यात तुटले. किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांची पोच संपली होती. दोघेही बाहेर येऊन, हात उंच करून, यंत्र इकडेतिकडे फिरवू लागले. आम्हांला आमचे जुने ट्रान्झिस्टरचे दिवस आठवले. तेव्हाही माणसे अशीच हात उंच करून उभी राहत.

तो ट्रान्झिस्टर आम्ही बरोबर आणलेला होताच. खोलीत लावून पाहिला तर नुसती खरखर. यात नवल नाही: जहाजाची भिंत पोलादाची, चारी बाजूंनी, वरून खालून पोलादच, आकाशवाणीची लहर त्या पेटीत शिरणार कशी? तोच संच उघड्या डेकवर नेला आणि मध्यम लहरींवर काटा फिरविला तो काय आश्चर्य! कोठल्याशा दूरच्या केंद्रावरचे मराठी निवेदन स्पष्ट ऐकू आले. सूर्यास्तानंतर वातावरणाचा वरचा एक थर विरळ होतो, दिवसा त्यात जिरून जाणाऱ्या मध्यम लहरी मग आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांब पोचतात. शिवाय खारे पाणी हे कोरड्या जमिनीपेक्षा या लहरींना पुष्कळच सोयीचे. शास्त्र असे सांगते. आम्हांला मात्र त्या घटकेला एवढेच वाटले की गुजरातच्या समुद्रावर, मध्यरात्रीच्या आत, कोणीतरी आपल्या भाषेत ‘नमस्कार’ म्हणाले. ज्यांच्या घरी विविध भारतीचा ‘बेला के फूल’ हा रात्री अकराचा कार्यक्रम लावून दिवे मालवण्याची रीत होती, त्यांना या सुखाची फोड करून सांगावी लागणार नाही.

झोप आणि संगीत यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. पंढरपुरी विठोबाची शेजारती होते ती कशासाठी? जो जगाला जागवितो त्यालाही गाऊनच निजवावे लागते, अशी आपली समजूत. सुरतेतल्या वैष्णव हवेल्यांत ‘शयन’ दर्शनाच्या वेळी कीर्तन होते. घराघरांतला पाळणा तर आहेच. दक्षिणेत नीलांबरी हा राग निद्रेचा म्हणून प्रसिद्ध. रागांच्या वेळांची चर्चा करणारे पंडित भातखंडे यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 साली आपल्या बडोद्यालाच भरली, हे बडोदेकर वाचकांना सांगणे नको. रात्री उशिरा बिहाग, मग बागेश्री, मग मालकंस, दरबारी अशी ती चढण असते. यात झोप आणण्यापेक्षा रात्रीला तिचा मान देण्याचाच भाग अधिक, असे आमचे मत आहे. दरबारी ऐकता ऐकता ज्याला झोप लागते त्याने दरबारी ऐकलाच नाही!

पंडित ओंकारनाथ ठाकूरांची एक कथा मात्र येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पंडितजींचा जन्म 1897 चा, खंभातजवळच्या एका खेड्यातला, आणि त्या खेड्याचे नाव काय असावे? जहाज! तेव्हा ते गाव बडोदे संस्थानात होते. गुरू आपले विष्णु दिगंबर पलुस्कर. म्हणजे कुरुंदवाडची विद्या नर्मदाकाठी रुजली ती अशी. 1933 साली पंडितजी युरोपात गेले असता इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याला निद्रानाश जडला होता, आणि पंडितजींनी पूरिया गाऊन त्याला अर्ध्या तासात झोपविले, असे संगीताच्या बैठकींतून सांगतात. पाश्चात्त्यांकडेही अशीच एक गोष्ट आहे. बाखची 1741 साली छापली गेलेली ‘गोल्डबर्ग’ रूपे ही कोणा निद्राहीन सरदारासाठी रचली, असे त्याच्या चरित्रकाराने 1802 साली लिहून ठेवले. आजचे अभ्यासक त्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. पूरियाच्या कथेचेही तेच असेल. परंतु त्या कथेचा जो भाग निश्चित खरा आहे तो क्वचितच कोणी सांगतो. पंडितजी युरोपात असतानाच, त्याच 1933 साली, इकडे त्यांच्या पत्नी निवर्तल्या. हुकूमशहाला झोपविणाऱ्या गायकाला त्यानंतर किती रात्री झोप लागली असेल?

आता वैद्यकही या प्रश्नाकडे वळले आहे. निद्रानाश असलेल्या प्रौढांनी रोज निजताना संगीत ऐकल्याने काय होते, यावरील तेरा प्रयोगांचा, हजाराहून अधिक माणसांचा, आढावा कॉक्रेन या संस्थेने 2022 साली प्रसिद्ध केला. झोपेचा दर्जा त्याने सुधारतो असे दिसते, हा त्याचा निष्कर्ष. लय संथ हवी, आवाज मंद हवा, अधूनमधून दचकविणारे काही नको, आणि ओळखीचे असेल तर उत्तम. यांतले शेवटचे कलम आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पण जहाजावर परत येऊ. डेकवर रात्री दहाच्या सुमारास पाच-सात काठेवाडी गृहस्थ कोंडाळे करून बसले होते. दुहे झाले, भजने झाली. मग त्यांतल्या एकाने ‘वीजळी’चे गीत धरले. गुजरातेत वाढलेल्या वाचकांना हे गीत ठाऊक असेल. इतरांसाठी थोडे सांगतो. 8 नोव्हेंबर 1888 रोजी कच्छ-मांडवीहून ‘वैतरणा’ नावाची आगबोट मुंबईस निघाली. तिच्यात विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. वऱ्हाडांची माणसे होती, मुंबईस परीक्षेला निघालेली मुले होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे वादळात ती सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. ना फळी सापडली ना प्रेत. ज्या हाजी कासमच्या नावाने ते गीत ओळखले जाते तो नक्की कप्तान होता की आणखी कोणी, यावरही एकमत नाही. गीत मात्र घरोघर पोचले. (आपल्याकडे 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला जाताना ‘रामदास’ बोट बुडाली, तीतही सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्या आठवणी कोकणात सांगतात, पण तिचे असे घरोघर गाइले जाणारे गीत आमच्या तरी कानी आलेले नाही.)

पहिली ओळ पुरी होते न होते तोच कोपऱ्यात बसलेला एक वृद्ध खारवा उठला. दीवजवळच्या वणाकबाऱ्याचा, आयुष्य मचव्यावर गेलेला. “ए भाई, दरियामां ए न गवाय,” तो शांतपणे म्हणाला. गाणारा ओशाळून थांबला. आम्ही त्या वृद्धाजवळ जाऊन बसलो. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर तो अधिक मोकळेपणाने बोलला. ते गीत वाईट नव्हे, तो म्हणाला. घरी आमच्या बायका गातात, आणि गायलेच पाहिजे, कारण ज्यांचे मडे मिळत नाही त्यांचे गीत तरी असावे, मास्तरसाहेब. फक्त पाण्यावर नाही. पाण्यावर त्यांना ऐकू जाते.

सौ. आमच्या मागे उभ्या होत्या, हे आम्हांला त्या वळून खोलीकडे निघाल्या तेव्हा कळले.

खोली म्हणजे काय? दोन अरुंद बिछाने, मध्ये हातभर जागा, एक गोल झरोका. दिवा मालवला की झरोक्यात काही दिसत नाही, आणि मग कान उघडतात. प्रथम एंजिन. ते ऐकू येत नाही, पाठीला कळते. गादीतून, लाकडातून, दातांतून. त्याच्यावर पंख्याचा वारा. त्याच्यावर कोठेतरी सैल पडलेल्या कडीची टिकटिक, जहाज कलले की एकदा, सावरले की दुसऱ्यांदा. आणि या सर्वांखाली पाणी. आम्ही अंधारात पडून हे ऐकत होतो. थोड्या वेळाने पलीकडून सौ. म्हणाल्या, “अहो, मागासारखंच वाटतंय नाही?”

“जात्यासारखं,” आम्ही म्हणालो. का म्हणालो ते सांगता येणार नाही, पण म्हणालो खरे.

आमच्या मातोश्री 2003 साली गेल्या. त्याआधी आठ-नऊ वर्षे, घरात नवा टेपरेकॉर्डर आला तेव्हा, आम्ही त्यांच्या ओव्या एका कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. एम.ए.ला लोकसाहित्य हा विषय होता आणि तो उत्साह तेव्हा ओसरला नव्हता. जाते नव्हते, मातोश्रींनी पाटावर नुसती मूठ फिरवीत गाइले, कारण हात फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही असे त्या म्हणत. ती कॅसेट चिरंजिवांनी भ्रमणध्वनीत उतरवून दिली होती. आता ती लावावी असे मनात आले आणि आम्ही थबकलो. जात्यावरच्या ओव्या ज्यांना परिचित आहेत त्यांना कारण कळेल. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये गोळा केलेल्या ओव्या पाहा, किंवा हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात जमलेल्या लाखाहून अधिक ओव्या पाहा; त्यांत देव आहे, सासुरवास आहे, पंढरी आहे, पण पानोपानी जो भेटतो तो भाऊ. भाऊ न्यायला येतो, भावाची वाट दिसते, भावाच्या पागोट्याचा रंग सांगितला जातो. मातोश्रींच्या कॅसेटमध्येही निम्म्याहून अधिक ओव्या भावाच्याच होत्या. दीड वर्ष ज्या बाईने भावाचा शब्द घरात उच्चारू दिला नाही तिला, समुद्राच्या मध्यावर, जेथून उठून कोठे जाता येत नाही अशा खोलीत, हे ऐकवावे?

सौ.नी आमची चुळबुळ ओळखली असावी. “आईंची ती ओव्यांची कॅसेट आहे ना त्यात? लावा की,” त्या म्हणाल्या. “बारीक लावा. पलीकडची पोरं झोपली असतील.”

आम्ही आवाज अगदी मंद ठेवून यंत्र मधल्या फळीवर ठेवले. प्रथम टेपची सरसर. ती एंजिनात मिसळून गेली. मग मातोश्रींचा खाकरण्याचा आवाज, “झालं का रे सुरू?” असा प्रश्न, आणि मग ती संथ, एका जागी फिरणारी चाल. तीन-चार स्वरांची, वर जायची घाई नाही, खाली यायची भीती नाही. खाली एंजिनाची घरघर चालू होतीच. मातोश्रींच्या त्या गाण्याला इतक्या वर्षांनी जाते मिळाले, असे आम्हांला वाटले.

ओवी हे खरे तर उठण्याचे गाणे. पहाटे तीनला, चारला, घर निजलेले असताना बाई जात्यावर बसते. पण तिच्या मांडीवर लहान मूल झोपलेले असे. ते जात्याची घरघर आणि आईचा सूर एकत्र ऐकत असे, आणि मांडी हलत असल्याने त्याला पाळणाही मिळे. म्हणजे गाणारीचे जे जागरण तीच ऐकणाऱ्याची झोप. आमच्या पिढीतले पुष्कळजण असे झोपले आहेत. गिरणी आली, जाते गेले. जात्याच्या त्या घरघरीची जागा सुरतेत आमच्यासाठी मागांनी घेतली असावी.

पहिली भावाची ओवी आली तेव्हा आम्ही श्वास रोखून धरला. दुसरी आली. तिसरीत मातोश्री मध्येच अडखळल्या. टेपवर ती जागा आम्हांला पाठ होती, तेथे त्या “पुढचं आठवेना बाई” असे म्हणून दुसरी ओवी धरतात. त्या थांबल्या, आणि अंधारातून सौ.नी, हलक्या आवाजात, ती ओवी पुरी केली. धुळ्याकडे ती वेगळ्या शब्दांनी म्हणत असावेत. पण चाल तीच. मग त्या रडू लागल्या. हमसून नव्हे, पाऊस लागून राहावा तसे. आम्ही यंत्र बंद करण्यासाठी हात पुढे केला तर म्हणाल्या, “असू द्या.” कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. ती संपली तेव्हा दुसऱ्या बाजूची वाट पाहणारे आम्ही एकटेच जागे होतो.

पहाटे डेकवर गेलो. उजव्या हाताला सौराष्ट्राचा किनारा धूसर दिसू लागला होता. त्या बाजूला कोठेतरी जाफराबाद. हे लहानसे बंदर आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होते, आणि ते थेट संस्थाने विलीन होईपर्यंत. कोकणातल्या एका किल्ल्याची सत्ता या किनाऱ्यावर चाले, तीही समुद्रामार्गेच. कालचा वृद्ध खारवा पुढच्या बाजूला उभा होता. पाणी आता गढूळ नव्हते. आखात मागे पडले होते. त्याने आम्हांला रंग दाखविला आणि म्हणाला, येथून समुद्र सुरू होतो, साहेब. तुमच्याकडे आहे ती नदीच.

दीवच्या किल्ल्याची भिंत दिसू लागली तरी सौ. उठल्या नव्हत्या. 1535 साली पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत त्यांच्याच हाती राहिलेला तो किल्ला सकाळच्या उन्हात फार देखणा दिसतो, पण त्यांना तो जहाजातून दाखविण्याचा आमचा बेत रहित झाला. नोकराने दारावर टकटक केली तेव्हा त्या दचकून उठल्या आणि “किती वाजले? चहा राहिलाच की,” म्हणाल्या. साडेसात वाजले होते.

ज्यांना असा रात्रीचा जलप्रवास घडेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. ऐकायचे ते आधीच यंत्रात भरून घ्यावे. किनारा सुटला की मागविता येत नाही. दोन्ही कान बंद करून झोपू नये, एक मोकळा ठेवावा; जहाजावरची सूचना ऐकू आली पाहिजे. आणि ज्यांच्या कपाटात जुन्या कॅसेट पडून आहेत त्यांनी त्या याच महिन्यात उतरवून घ्याव्यात. चुंबकीय फीत दमट हवेत टिकत नाही, बुरशी धरते, आणि आपण राहतो त्या गावांत पावसाळा काही कमी नसतो.

सौ.ची झोप एका रात्रीत परत आली असे नाही. सुरतेस आल्यावरही काही रात्री त्या खिडकीपाशी दिसल्या. पण दीवहून परतल्यावर आठ दिवसांनी त्यांनी धुळ्यास वहिनींना दूरध्वनी केला. भाऊ गेल्यानंतर प्रथमच त्या दोघी तासभर बोलल्या. वहिनींना तशा चाळीसेक ओव्या येतात असे निघाले. आता रात्री जेवणे उरकल्यावर एकजण तिकडून सांगते आणि दुसरी इकडे शाळेच्या जुन्या शंभरपानी वहीत उतरवून घेते. वही आम्हीच दिली. शुद्धलेखन आम्ही तपासावे असे ठरले होते. अद्याप वही आमच्या हाती आलेली नाही.